एका ‘स’चा प्रवास

इंग्रजी भाषेत एक इवलेसे अक्षर आहे. आमच्या कोकणातल्या मुलांना त्याने जितके छळले, तितके बीजगणितानेही छळले नसेल. हे अक्षर म्हणजे ‘एस’. ‘आय गो’ म्हणा, ‘यू गो’ म्हणा, ‘दे गो’ म्हणा. क्रियापद जागचे हलत नाही. पण ‘मी’ही नव्हे, ‘तू’ही नव्हे, असा कोणी एकटा तिसरा वाक्यात आला, की क्रियापदाला शेपूट फुटते: ‘ही गोज’. बरे, फुटले तर ते तिथेच राहावे! पण नकार आला की ते नाहीसे होते आणि भलत्याच जागी उगवते: ‘ही डझ नॉट गो’. प्रश्न आला की पुन्हा तीच गत. व्याकरणाच्या पुस्तकात या प्रकाराला ‘साधा वर्तमानकाळ’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला थट्टेची हौस दांडगी असली पाहिजे.

जयगडच्या परिसरात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. म्हणजे बरीच वर्षे या शेपटामागे धावलो. धावता धावता त्याचा इतिहास पाहण्याचा नाद लागला, आणि तो पाहता पाहता ध्यानात आले, की हा इतिहास आपल्या दारावरून गेलेला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर व्याकरण वाढणे म्हणजे करंज्यांच्या ताटात काढ्याची वाटी ठेवणे, हे मी जाणून आहे. पण वाचकहो, ही गोष्ट व्याकरणाची थोडी आणि माणसांची जास्त आहे. शिवाय तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाशी आपल्या घरातल्या मुलाबाळांचा फार जवळचा संबंध आहे.

जयगड म्हणजे शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथले बंदर. वर टेकाडावर विजापूरकरांच्या काळातला किल्ला, खाली खाडी, आणि खाडीपलीकडे तवसाळ. मुंबई-कोकण आगबोटींच्या काळी हा एक थांबा होता. आगबोटी बंद झाल्या. आता तवसाळला फेरीबोट जाते, माळावर औष्णिक वीजकेंद्र उभे आहे, आणि धक्क्याला परदेशची मोठमोठी जहाजे लागतात. गावातल्या खारवी, दालदी, भंडारी घरांतली मुले पूर्वी गलबतावर जात, हल्ली मालवाहू जहाजांवर जातात. म्हणून इथे इंग्रजी ही मिरवायची वस्तू नाही. ती मीठभाकरीची वस्तू आहे.

असाच एक माझा जुना विद्यार्थी एका जहाजावर नोकरीला आहे. सुटीवर आला की भेटून जातो. एकदा तो म्हणाला, “सर, आमच्या बोटीवर चिली देशाचा एक खलाशी आहे. त्याची भाषा स्पॅनिश. तोही ‘ही गो’च म्हणतो! प्रश्न विचारताना ‘डू’ घालत नाही. आणि ‘इट’, ‘ही’ वगैरे तर खाऊनच टाकतो. ‘पाऊस पडतो’ म्हणायचं तर नुसतं ‘इज रेनिंग’. मला आपलं वाटायचं, आम्हीच तेवढे मठ्ठ.”

तो हसत हसत बोलला. पण ‘मठ्ठ’ हा शब्द काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जयगडचा मुलगा आणि चिलीचा मुलगा. मध्ये अर्धी पृथ्वी. दोघांनी एकमेकांच्या गावाचे नावही ऐकलेले नाही. तरी दोघे नेमक्या त्याच जागी अडखळतात. एकाच दगडाला दोन वाटसरूंची ठेच लागली, तर दोष पायांचा नसतो. वाटेकडे पाहायला हवे.

ती वाट शोधायला आधी गोव्याला जावे लागते, तेही सोळाव्या शतकात.

१५७९ च्या ऑक्टोबरात लिस्बनहून निघालेले एक पोर्तुगीज जहाज गोव्याला लागले. त्यावर टॉमस स्टीफन्स नावाचा एक तरुण इंग्रज जेझुइट होता. हिंदुस्थानात येऊन वस्ती केलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचे नाव घेतात. आपण त्याला ओळखतो ते ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर स्टीफन्स म्हणून. रोमन लिपीत छापलेला त्याचा हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच माणसाने कोकणीचे व्याकरणही लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, दियोगो रिबैरो या पाद्र्याने भर घालून रायतूरलाच छापविले, आणि हिंदुस्थानातल्या कोणत्याही भाषेचे छापलेले ते पहिले व्याकरण, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

आता यातली मौज पाहा. लिहिणारा इंग्रज. भाषा कोकणी. पुस्तक पोर्तुगीजमध्ये, कारण शिकणारे पोर्तुगीज पाद्री. आणि १५८० पासून पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे गेले असल्यामुळे स्टीफन्सची गोव्यातली बहुतेक सारी वर्षे स्पेनच्या छत्राखाली गेली. इंग्रजी तोंडाचा मनुष्य स्पेनच्या राजाच्या प्रजेला आपल्या किनाऱ्यावरचे क्रियापद शिकवीत होता! आज चिलीचा खलाशी आणि जयगडचा पोरगा इंग्रजी क्रियापदाशी झुंजतात. त्या वेळी पोर्तुगीज पाद्री आपल्या क्रियापदाशी झुंजत होते. पारडे तेच, वजने तेवढी बदललेली.

स्टीफन्सने शिकवण्यासाठी कोणती युक्ती केली? शिकणाऱ्याच्या भाषेत शिरून त्याने समोरच्या भाषेकडे बोट दाखविले. पाद्र्यांना पोर्तुगीज येत होती, लॅटिन येत होती. त्या ओळखीच्या चौकटीत त्याने कोकणीची रूपे मांडली. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेल्याकडे जावे, एवढीच ती युक्ती. तिच्याहून मोठी युक्ती अध्यापनशास्त्राला अजून सापडली आहे असे मला वाटत नाही.

या माणसाचा कानही तिखट होता. १५८३ साली त्याने आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात इकडच्या भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, असे त्याने नमूद केले आहे. योगायोग असा, की त्याच १५८३ साली, आणि पुन्हा १५८५ साली, जयगडला ठाण मांडून बसलेल्या संगमेश्वरच्या नाईकावर पोर्तुगीज व विजापूरकर यांच्या संयुक्त मोहिमा निघाल्या. एकीकडे गोव्याचे राज्य आमच्या खाडीत तोफा पाठवीत होते, आणि दुसरीकडे त्याच गोव्यातला एक पाद्री आमच्या भाषेत आपल्या भाषांची नाती शोधीत होता. पुढे १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असल्याचा विचार मांडला आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. स्टीफन्सची चाहूल त्याच्या दोनशे वर्षे आधीची आहे.

आता या नात्याचा आपल्या ‘स’शी काय संबंध, ते सांगतो.

संस्कृतात ‘तू वाचतोस’ याला ‘त्वं पठसि’. शेवटी ‘सि’. लॅटिनमध्ये ‘तू प्रेम करतोस’ याला ‘आमास’. स्पॅनिशमध्येही ‘आमास’. ‘तू बोलतोस’ याला स्पॅनिश मनुष्य ‘तू आब्लास’ म्हणतो, पोर्तुगीज ‘तू फालास’ म्हणतो. आणि आपण? आपण ‘तू बोलतोस’. सर्वनाम ‘तू’, शेवट ‘स’. हा उच्चारांचा योगायोग नव्हे. एका जुन्या घराण्याची खूण वेगवेगळ्या शाखांत राहिली आहे. एखाद्या घरात चार पिढ्यांनी हनुवटीवरची खळी उतरावी, तशी.

मग इंग्रजीत ही खळी कुठे गेली? ती होती. स्टीफन्सने इंग्लंड सोडले तेव्हा तिथे ‘तू जातोस’ याला ‘दाउ गोएस्ट’ म्हणत. ‘तो जातो’ याला बहुधा ‘ही गोएथ’ म्हणत. १६११ च्या इंग्रजी बायबलात ही रूपे पानोपानी आढळतात. पुढे इंग्रजांनी ‘तू’ बाजूला सारले आणि लहानथोर सगळ्यांना ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणू लागले. ‘तू’ गेला तसे त्याचे शेपूटही गेले. ‘ही गोएथ’च्या जागी उत्तर इंग्लंडच्या बोलीतले ‘ही गोज’ रूढ झाले. सगळ्या शेपटांपैकी एवढे एकच काय ते उरले. मोठा वाडा पडावा आणि एकच खांब उभा राहावा, तसा हा ‘एस’ आहे. मुलांना तो विनाकारण उभा वाटतो यात नवल नाही. वाडा त्यांनी पाहिलेलाच नाही.

‘डू’चीही तीच कथा. ‘तू जातोस काय?’ असे विचारायला जुना इंग्रज सरळ ‘गोएस्ट दाउ?’ म्हणे. नकारालाही क्रियापदापुढे नुसते ‘नॉट’ ठेवी. ‘डू’चा उपयोग त्या काळी ऐच्छिक होता. सतराव्या-अठराव्या शतकांत तो हळूहळू सक्तीचा झाला. म्हणजे आमचा पोरगा ‘डू’ विसरतो, तेव्हा तो स्टीफन्सच्या वडिलांच्या इंग्रजीपासून फार दूर नसतो. फक्त चारशे वर्षे उशीर झालेला असतो!

१८१८ च्या जूनमध्ये जयगड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पारडे फिरले. त्याआधी इंग्रज आपली भाषा शिकत होता. सेरामपूरच्या विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचा अभ्यास करून १८०५ साली कंपनीच्या तरुण अंमलदारांसाठी मराठीचे व्याकरण छापले होते. आता आपण इंग्रजी शिकू लागलो. या कामातले आपले पहिले धुरीण दक्षिण कोकणातलेच. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. आपण त्याला पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून मान देतो, तो योग्यच आहे. पण मास्तराच्या डोळ्यांनी पाहिले, तर ते पान म्हणजे उत्तम फळा आहे. डाव्या हाताला एक वाक्य, उजव्या हाताला तेच वाक्य. डोळा इकडून तिकडे जातो आणि ओठ न हलवता शिकतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले. त्यांनी नमुना घेतला तो लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा. हे मरेसाहेब मूळचे अमेरिकेतले वकील. प्रकृतीसाठी इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली ते पुस्तक लिहिले. यॉर्कच्या मुलींसाठी शिवलेला अंगरखा मराठीच्या अंगाला पुरता बसणार कसा? आपल्या क्रियापदाला लिंग आहे. मुलगा ‘मी जातो’ म्हणतो, मुलगी ‘मी जाते’ म्हणते. इंग्रजीत दोघांना एकच ‘आय गो’. वर्गात दरवर्षी एखादी तरी मुलगी मला विचारीत असे, “सर, ‘आय गो’ म्हणजे ‘मी जातो’, तर ‘मी जाते’ला काय म्हणायचं?” या प्रश्नात मंदपणा नाही. मरेच्या पुस्तकात नसलेली गोष्ट त्या मुलीच्या तोंडात होती, एवढेच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुढे मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या मतांची कसून तपासणी केली. त्या तपासणीतून मराठी व्याकरण आपल्या पायांवर उभे राहू लागले.

आणि आपला वर्तमानकाळ तरी कुठे स्थिर राहिला आहे? आज ‘तो देवळात जाई’ म्हटले तर आपण ‘पूर्वी जात असे’ असा अर्थ घेतो. ज्ञानेश्वरांच्या काळी हेच ‘जाई’, ‘करी’ वर्तमानकाळाचे रूप होते. पुढे ‘जातो’, ‘करतो’ ही रूपे पुढे सरसावली आणि जुना वर्तमानकाळ भूतकाळात निवृत्त झाला. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ या म्हणीतल्या ‘येईना’त तो अजून वर्तमानाची आठवण धरून आहे. भाषांचे हे असेच चालते. इंग्रजीचे शेपूट झडले, आपला काळ सरकला. कोणत्याच भाषेने दुसरीला वेडी म्हणू नये.

शाळाशाळांत इंग्रजी पोचले ते मात्र दुसऱ्या एका तर्खडकरांच्या हाताने. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ पिढ्यानपिढ्या घरांत होती. आडनाव एकच असल्यामुळे पुष्कळ जण ती दादोबांचीच समजतात. नियम मराठीत, मग शब्द, मग इंग्रजीची मराठी आणि मराठीची इंग्रजी करायची वाक्ये. वाक्ये कधी कधी अशी चमत्कारिक असत, की त्यांवर चार पिढ्या हसल्या. पण हसत हसत शिकल्या. शहरातल्या शिकवणीला पैसे नसलेल्या कितीतरी मुलांनी कंदिलाच्या उजेडात तीवर इंग्रजी पक्के केले.

दुसऱ्या बाजूने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘डायरेक्ट मेथड’ आली: वर्गात मातृभाषा नको, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले पी. सी. रेन हे तिचे आपल्याकडचे मोठे पुरस्कर्ते. पुढे ‘बो जेस्ट’ ही १९२४ ची कादंबरी लिहून जगप्रसिद्ध झाले ते हेच, आणि ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणातले रेनही हेच. या पद्धतीत चांगले पुष्कळ आहे. कानावर इंग्रजी पडल्याशिवाय जिभेवर ते चढत नाही, हे खरेच. पण जिथे शाळेबाहेर इंग्रजीचा एक शब्द कानावर येत नाही, तिथे मातृभाषेचे दार लावून घेतले तर खोलीत उजेड कुठून यावा?

उजेडाचे नाव काढले की मला शेजारच्या मालगुंडची आठवण होते. जयगडहून गणपतीपुळ्याकडे जाताना ते वाटेत लागते. केशवसुतांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे स्मारकही तिथे आहे. केशवसुत (१८६६-१९०५) पोटासाठी शिक्षक होते. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. आधीच्या एकेका व्याकरणकाराचे मत घ्यायचे, ते मराठीच्या प्रत्यक्ष बोलण्यावर घासून पाहायचे, पटले तर ठेवायचे, नाही तर सोडायचे, अशी त्यांची रीत. मग ते मत संस्कृतवाल्याचे असो की इंग्रजीवाल्याचे. एका भावाने मराठी कवितेला नवी वाट दिली आणि दुसऱ्याने मराठीला आरसा दिला. आमच्या पंचक्रोशीतल्या मुलांनी तो आरसा हातात घेऊन इंग्रजीकडे पाहावे, असे मला फार वाटते.

पाहिले तर काय दिसते? मी वर्गात काय करीत असे, तेच इथे सांगतो.

फळ्यावर लिहायचे, ‘तू जातोस’. मुलांना म्हणायचे, याला नकार द्या. वर्ग एका सुरात ओरडतो, ‘तू जात नाहीस’. मग विचारायचे, “स कुठे गेला रे?” क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरचा एखादा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणतो, “सर, ‘नाही’ला चिकटला.” बरोबर! ‘जातोस’मधला ‘स’ उठला आणि ‘नाही’पाशी जाऊन बसला. ‘तू जातोस नाहीस’ असे कोणी म्हणते का? सगळा वर्ग हसतो. आणखी पाहा: ‘तू जात आहेस’, ‘तू जात असतोस’. मदतीला दुसरे क्रियापद आले, की ‘स’ मुख्य क्रियापदाला सोडून मदतनिसाच्या कडेवर जातो. हा नियम त्यांना कोणी शिकविला? कोणीच नाही. तो त्यांनी आईच्या कडेवर बसून उचलला.

मग शेजारी लिहायचे, ‘ही गोज’. आणि त्याखाली ‘ही डझ नॉट गो’. एस कुठे गेला? मदतनिसाकडे. ‘डझ ही गो?’ इथेही मदतनिसाकडेच. ‘ही डझ नॉट गोज’ का चालत नाही? ‘तू जातोस नाहीस’ चालत नाही म्हणून! फरक इतकाच, की मराठीचा ‘स’ ‘तू’च्या घरी राहतो आणि इंग्रजीचा ‘एस’ ‘ही’च्या घरी. घर वेगळे, स्वभाव एक. नकार आणि प्रश्न यांचा जो गुंता मुले वर्षभर सोडवीत बसतात, तो या एका जोडीने पुष्कळसा सुटतो.

दुसरी गाठ अर्थाची. साधे ‘गोज’ केव्हा आणि ‘इज गोइंग’ केव्हा? आपला ‘येतो’ फार कामाचा गडी आहे. ‘तो रोज येतो’ ही सवय. ‘तो बघ येतो’ हे आत्ताचे. आणि उंबऱ्यावर उभे राहून ‘येतो हं’ म्हणतो तेव्हा तर माणूस चक्क निघालेला असतो. स्पॅनिशचा साधा वर्तमानकाळही असाच तिन्ही कामे हाकतो. म्हणून चिलीचा खलाशी आणि आपला मुलगा एकाच ठिकाणी चुकतात. पण याची किल्लीही मराठीच्या कमरेला आहे. आपण म्हणतो, ‘सुरमई महाग असते’ आणि ‘आज सुरमई महाग आहे’. बाजारात गेलेल्या कोणत्याही मुलीला या दोन वाक्यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. ‘असते’ म्हणजे नेहमीचे, ‘आहे’ म्हणजे आत्ताचे. तसेच, ‘खाडीला दिवसातून दोनदा भरती येत असते’, पण ‘आता भरती येते आहे’. जिथे ‘येत असते’ शोभते, तिथे इंग्रजीत साधा वर्तमानकाळ. जिथे ‘येते आहे’ शोभते, तिथे ‘इज कमिंग’. स्पॅनिशमध्येही ‘असणे’ या अर्थाची क्रियापदे दोन आहेत. त्यांची वाटणी आपल्यासारखी नाही, पण ‘असणे’ एकाच तऱ्हेचे नसते, हे त्यांच्याही मुलांना पाळण्यापासून माहीत असते. तिथल्या मास्तरांनीही आपल्या मुलांना तिथूनच पुढे न्यावे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या राज्यात इंग्रजीचा वाद बहुधा ‘कोणत्या इयत्तेपासून’ एवढ्यावरच झाला. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर मुंबईचे मुख्यमंत्री असताना, स्वातंत्र्यानंतर, इंग्रजी खालच्या इयत्तांतून काढून आठवीपासून ठेवण्यात आले. पुढे ते पाचवीला आले, आणि २००० सालापासून पहिलीला. दोन्ही बाजूंचे हेतू चांगले होते. पण आठवीला शिकवा की पहिलीला, मुलाच्या तोंडातली भाषा ही शिडी मानायची की अडगळ, हा प्रश्न इयत्तेने सुटत नाही. इंग्रजी वर्गात मराठी शब्द निघाला म्हणून मूल खाली मान घालते, तेव्हा ते एक शब्द गिळत नाही. आपल्याला काही येते हा विश्वासच गिळते. मग ते गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या मुलाला भाषा येत नाही, मग वर्गावर पुस्तकांचे डोंगर ओता.

जयगडसारख्या गावात याची किंमत फार रोकडी असते. समुद्रावर इंग्रजी हीच कामाची भाषा. निरनिराळ्या देशांचे खलाशी एकाच जहाजावर राबतात, आणि गैरसमज झाला तर जहाजे एकमेकांवर आदळतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ च्या नोव्हेंबरात सागरी बोलण्याचे ठरीव वाक्प्रयोग मान्य केले. त्यांचा रोख एकच: शब्द थोडे, अर्थ एक. आखूड केलेली रूपे टाळा, ‘डू नॉट’ पुरते म्हणा. ‘हो’, ‘नाही’ एवढ्यावर न थांबता पुरे वाक्य उच्चारा. तिथे अलंकार लागत नाहीत. लागतो तो हाच साधा वर्तमानकाळ. ‘मला मदत हवी’ म्हणायला ‘आय रिक्वायर’, आणि दुसऱ्या जहाजाविषयी तेच सांगायचे तर ‘रिक्वायर्स’. काळोख्या रात्री, वाऱ्यात, बिनतारी यंत्राच्या खरखरीत तो ‘एस’ ऐकणाऱ्याला सांगून जातो, की संकटात बोलणारा नाही, दुसरा कोणी आहे. पोराबाळांच्या वह्यांत लाल शाईने दुरुस्त झालेले ते शेपूट तिथे दिव्यासारखे उपयोगी पडते.

तेव्हा या दिवाळीत आपल्या घरातले एखादे मूल इंग्रजीच्या वहीवर डोके धरून बसले असेल, तर एवढे करा. त्याला रागावू नका आणि लगेच शिकवणीही शोधू नका. त्याला विचारा, ‘तू जातोस’ याचा नकार काय? ते उत्तर देईल. मग त्याला सांगा, की तुझ्या बोलण्यातला ‘स’ संस्कृत, लॅटिन, स्पॅनिश अशा थोर घराण्यातला आहे, त्याचा एक भाऊबंद इंग्रजीतही नांदून गेला, आणि इंग्रजीचा ‘एस’ ज्या शिस्तीने चालतो, ती शिस्त तू शाळेत जाण्याआधीच शिकला आहेस. परकी भाषा शिकायची म्हणजे आपले घर सोडायचे असे नाही. आपल्याच घराची एक खिडकी उघडायची. आणि ती खिडकी आतून उघडते.